विमानाची मोटर, सायकलचं चाक: घरच्या घरी ई-सायकल करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानांची मोटर वापरून मी पुण्यात दोन सायकली बांधल्या. एक आजही रोज चालते. दुसरी मोडली आणि तिचे भाग पहिलीत गेले. त्या काळात मला जे प्रश्न पडले आणि नंतर लोकांनी जे विचारले, ते इथे एकत्र केले आहेत. आकडे देताना सगळीकडे एकच सायकल डोळ्यांसमोर आहे: २६ इंची चाक, ३६ व्होल्टची बॅटरी, १४९ केव्हीची मोटर (केव्ही म्हणजे काय ते पुढे येतं) आणि माणूस धरून १०० किलो वजन.

एवढीशी मोटर माणसाला ओढेल का?

ओढेल. ६३७४ मापाची मोटर म्हणजे साधारण ६३ मिलिमीटर व्यासाचा आणि ७४ मिलिमीटर लांबीचा डबा, वजन ८०० ते ९०० ग्रॅम. सायकलच्या कामापुरती ताकद तिच्यात भरपूर आहे. पण एक अट आहे: ती पळाली पाहिजे. मोटरची ताकद म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले वेग. या मोटरीला टॉर्क कमी आणि वेग प्रचंड दिलेला असतो, कारण पंख्याला तेच हवं असतं. सायकलच्या चाकाला नेमकं उलटं लागतं. पुढे येणारी जवळजवळ प्रत्येक अडचण या एका गोष्टीतून निघते, म्हणून ती आधी सांगितली.

आउटरनर म्हणजे काय?

मधला तांब्याच्या तारांचा भाग स्थिर राहतो आणि बाहेरचा चुंबकांचा डबा फिरतो, ती आउटरनर. चुंबक मध्यापासून लांब असल्यामुळे तेवढ्याच वजनात टॉर्क जास्त मिळतो. २००० च्या सुमारास हौशी मंडळी जुन्या सीडी ड्राइव्हच्या मोटरी उघडून, तारा नव्याने गुंडाळून आणि जोरदार चुंबक बसवून विमानं उडवत होती. बाजारातल्या आउटरनरचा प्रसार त्याच धडपडीतून झाला.

बाहेरचा डबा फिरतो हे बसवताना विसरू नका. पायजम्याची नाडी, बुटाची लेस, केबल, काहीही त्यात अडकू शकतं. शिवाय चुंबक उघडे असल्यामुळे लेथवरचा लोखंडाचा कीस आत ओढला जातो आणि मग निघता निघत नाही. वर्कशॉपमध्ये मोटर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावी.

केव्ही म्हणजे किलोव्होल्ट का?

नाही. एका व्होल्टला, काही भार नसताना, मिनिटाला किती फेरे, तो आकडा म्हणजे केव्ही. १४९ केव्हीची मोटर ३६ व्होल्टला सुमारे ५,३६० फेरे घेते. सायकलसाठी केव्ही जितका कमी तितका बरा. १३० ते २०० च्या मधला घ्या. केव्ही कमी म्हणजे दर अँपिअरला टॉर्क जास्त. हिशोब सोपा आहे: ९.५५ ला केव्हीने भागा. १४९ ला भागलं की ०.०६४ येतं, म्हणजे एका अँपिअरला ०.०६४ न्यूटन-मीटर. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे सारखा लागतो.

मोटरच्या नावातले आकडे मात्र तपासून घ्या. काही कंपन्या बाहेरच्या डब्याचं माप लिहितात, काही आतल्या स्थिर भागाचं, म्हणजे स्टेटरचं. व्हर्निअर लावून मोजलेलं माप तेवढं खरं.

मोटर थेट चाकाला का जोडता येत नाही?

कात्रजच्या चढासारखा एखादा चढ घेऊ, आठ टक्क्यांचा. १०० किलो वर ओढायला सुमारे ७९ न्यूटन, त्यात टायरचं घर्षण मिळवून ८६ न्यूटन जोर लागतो. चाकाची त्रिज्या ०.३३ मीटर, म्हणजे चाकापाशी सुमारे २८.५ न्यूटन-मीटर टॉर्क हवा. थेट जोडलेल्या मोटरीला तेवढ्यासाठी २८.५ भागिले ०.०६४, म्हणजे ४४५ अँपिअर लागतील. तारा काही सेकंदांत जळतील.

आता मध्ये २२.५ पट रिडक्शन घाला, म्हणजे मोटर २२.५ फेरे घेईल तेव्हा चाक एक फेरा घेईल. मोटरला लागणारा टॉर्क १.३ वर येतो. पट्टा आणि चेन यांच्यातलं नुकसान धरून १.६ म्हणा. त्याला पुरतात २५ अँपिअर. तीच मोटर, तोच चढ. ४४५ च्या जागी २५. रिडक्शनला खर्च आणि मेहनत का घालायची, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

वेगाच्या बाजूनेही तोच आकडा येतो. ताशी २५ किलोमीटरला २६ इंची चाक मिनिटाला साधारण २०० फेरे घेतं. भाराखाली मोटर तिच्या रिकाम्या वेगाच्या ८५ टक्क्यांच्या आसपास पळते, म्हणजे ४,५०० ते ४,७०० फेरे. भागाकार करा, २२.५ ते २३.५ च्या मध्ये येतो.

हे रिडक्शन करायचं कसं? एका टप्प्यात होईल का?

एका टप्प्यात होत नाही. मोटरवर १२ दातांची पुली धरली तरी चाकावर २७० दात लागतील. म्हणून दोन टप्पे करायचे. मी केलेले असे: मोटरपासून मधल्या शाफ्टपर्यंत टायमिंग बेल्ट, १६ दात ते ७२ दात, म्हणजे साडेचार पट. मधल्या शाफ्टपासून मागच्या चाकापर्यंत चेन, ११ दात ते ५५ दात, म्हणजे पाच पट. गुणाकार साडेबावीस. मोठं स्प्रॉकेट मागच्या हबच्या डाव्या बाजूला, डिस्क ब्रेकची चकती जिथे बसते तिथे बसवलं. उजवी बाजू पायडलच्या चेनसाठी मोकळी राहिली.

पहिला टप्पा बेल्टचाच ठेवा, हे माझं ठाम मत. साडेचार हजार फेऱ्यांवर चेन असह्य आवाज करते आणि लवकर झिजते. ५ मिलिमीटर दात-अंतराचा १५ मिलिमीटर रुंद बेल्ट हे काम सहज करतो. दुसऱ्या टप्प्यात वेग कमी आणि ओढ जास्त, तिथे चेन हवी. सुरुवातीला मी पाव इंची पिचची बारीक चेन लावली होती. ती सारखी लांबायची, आठवड्याला ताण द्यावा लागायचा. शेवटी गो-कार्टला असते ती २१९ नंबरची चेन घातली आणि कटकट संपली.

दोन गोष्टी लोक नेहमी विसरतात. एक, फ्रीव्हील. मधल्या शाफ्टच्या पुलीत वन-वे बेअरिंग घाला, म्हणजे मोटर बंद असताना पायडल मारताना तिला फुकट फिरवावं लागत नाही. बॅटरी संपली की त्याची किंमत कळते. दोन, मोटरचा शाफ्ट. विमानात पंखा मोटरला पुढे ओढतो, सगळा जोर शाफ्टच्या रेषेत असतो. बेल्ट मात्र शाफ्टला आडवा खेचतो. मोटरचे छोटे बेअरिंग त्यासाठी केलेले नसतात. पुलीच्या पलीकडे आणखी एक बेअरिंग देऊन शाफ्टचं दुसरं टोक धरा. पुलीला शाफ्टवर धरणाऱ्या बारीक ग्रब स्क्रूला निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) लावा आणि शाफ्टवर तिथे कानशीने सपाट जागा करा, नाहीतर स्क्रू पहिल्याच चढाला घसरेल.

ब्रॅकेट आणि शाफ्ट मला भोसरीत एका टर्नरकाकांनी करून दिले. माझं रेखाटन बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला: "बेल्टला ताण कुठून देणार?" मी मोटरच्या स्क्रूंना गोल भोकं काढली होती. त्यांनी लांबट खाचा करायला लावल्या. तुम्हीही तेच करा.

मोटर टायरला घासून चालवली तर? गिअरची भानगडच नको.

ही पद्धत जुनी आणि खरी आहे. फ्रान्समध्ये १९४६ पासून विकली गेलेली व्हेलोसोलेक्स पुढच्या टायरवर रोलर दाबूनच चालायची. आउटरनरचा ६३ मिलिमीटरचा डबाच टायरवर टेकवला तर आपोआप साडेदहा पट रिडक्शन मिळतं, बेल्ट नाही, चेन नाही. मात्र तेव्हा ३६ व्होल्ट देऊ नका, वेग हाताबाहेर जाईल. १४९ केव्हीला पाच सेलचा साडेअठरा व्होल्टचा पॅक पुरे, ताशी २५ च्या आसपास जाते. डब्यावर खरखरीत पट्टी चिकटवतात आणि मोटर बिजागरीवर अशी टांगतात की फिरताना ती स्वतःच टायरकडे ओढली जाते. बंद केली की सुटते.

सपाट शहरात, कोरड्या दिवसांत ही सगळ्यात सोपी सायकल. पण साडेदहा पटीत चढावर मोटर तापते, टायर झिजतो आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की रोलर नुसता घसरतो. वर्षातले चार महिने गाडी उभी ठेवायची तयारी असेल तर जरूर करा. शिकायला मात्र हीच उत्तम. एका रविवारी होते.

विमानाचा ईएससी वापरता येईल का?

ईएससी म्हणजे मॉडेल विमानात मोटरला करंट देऊन तिचा वेग सांभाळणारा कंट्रोलर. वापरता येतो, पण मी वापरू नका म्हणेन. माझा पहिला ईएससी सायकल जागेवरून हलायच्या आधी जळला. का ते समजून घेणं महत्त्वाचं आहे.

विमानाच्या ईएससीला मोटर नेमकी कुठल्या स्थितीत आहे हे माहीत नसतं. मोटर फिरताना तारांमध्ये जो उलटा व्होल्टेज तयार होतो तो वाचून तो अंदाज घेतो. मोटर उभी असेल तर हा व्होल्टेज शून्य. पंखा हलका असतो. दोन-चार धक्के देऊन तो फिरायला लागतो आणि ईएससीला दिशा सापडते. सायकलवर १०० किलो बसलेत. धक्का दिला तरी मोटर हलत नाही, ईएससी चुकीच्या तारेत करंट सोडतो, मोटर थरथरते, करंट चढत जातो. बहुतेक विमानी ईएससींमध्ये करंटवर नीट मर्यादा नसते, म्हणून आतले मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) फुटतात. धुराचा वास घरात दोन दिवस राहतो.

तरी वापरायचाच असेल तर दोन नियम पाळा. जागेवरून सुटताना कधीही थ्रॉटल देऊ नका, चार-पाच पायडल मारून सायकल चालू झाल्यावरच द्या. आणि बॅटरी ते ईएससी ही वायर लांबवू नका. लांब वायरमुळे व्होल्टेजचे झटके वाढतात आणि ईएससीचे कपॅसिटर ते सोसू शकत नाहीत. अंतर वाढवायचंच असेल तर ईएससी ते मोटर या तीन वायरी लांबवा.

मग कुठला कंट्रोलर घ्यावा?

व्हेस्क. स्वीडनच्या बेंजामिन वेडर यांनी तयार करून खुला केलेला हा कंट्रोलर आहे. आराखडा आणि प्रणाली दोन्ही सगळ्यांना उपलब्ध, म्हणून अनेक जण तो बनवतात. याची मोठी खुबी ही की मोटरचा करंट आणि बॅटरीचा करंट वेगवेगळे बांधता येतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सायकलसाठी हेच हवं होतं. मी बॅटरीचा करंट ८ अँपिअरवर आणि मोटरचा ३० वर बांधला आहे. चढावर, वेग कमी असताना, बॅटरीतून ८ अँपिअरच जातात पण मोटरला २५ मिळतात. कंट्रोलर व्होल्टेज उतरवून करंट वाढवतो. आठ टक्क्यांच्या चढावर पायांची जोड दिली की ताशी १३ च्या आसपास शांतपणे चढते.

३६ व्होल्ट गुणिले ८ म्हणजे २८८ वॉट आत जातात, बाहेर येतात साधारण २४५. हा आकडा मी मुद्दाम ठेवला आहे, कारण पुढे कायद्याच्या प्रश्नात येईल.

वेगमर्यादाही त्यातच घालता येते. तिथे वेग विद्युत फेऱ्यांत मोजतात. १४ चुंबकांच्या मोटरीला खऱ्या फेऱ्यांना ७ ने गुणा. माझ्या सायकलीला ताशी २५ म्हणजे सुमारे ३१,७०० येतात, मी ३१,००० ला थांबवलं.

हॉल सेन्सर लावावे लागतात का?

हे सेन्सर चुंबकांची जागा ओळखून कंट्रोलरला सांगतात. लावलेत तर सायकल जागेवरून मऊ सुटते, थरथर नाही. तीन छोटे सेन्सर, विद्युत कोनात १२० अंशांच्या अंतरावर, चुंबकांजवळ चिकटवायचे. इलेक्ट्रिक स्केटबोर्डसाठी केलेल्या काही मोटरींना ते आतच असतात, तीच घ्या. सुटायच्या आधी दोन पायडल मारायची सवय असेल तर सेन्सरशिवायही व्हेस्क चांगला चालतो.

जाहिरातीत तर मोटर ३,००० वॉटची लिहिलेली असते. मग २५० वॉटला तापते कशी?

तो आकडा पंख्याच्या वाऱ्यात बसलेल्या मोटरीचा असतो, तोही थोड्या वेळापुरता. विमानात पंखा स्वतःच मोटरला गार करतो. सायकलवर ती फ्रेमच्या कोपऱ्यात, कधी कधी डब्यात बंद असते.

आणि मोटर तापते ती वॉटने नव्हे, करंटने. तारांमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: करंट दुप्पट केला की उष्णता चौपट. चढावर हळू चालणारी मोटर कमी वॉट देऊनही जास्त भाजते. साधे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या वर गेले की कायमचे कमजोर होऊ लागतात, त्यांना धरणारा डिंकही सुटू शकतो. तारांच्या मध्ये एक थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) खोचा आणि व्हेस्कला सांगा: ८० अंशांपासून करंट कमी करायला लाग, १०० ला बंद. विदर्भातल्या मित्रांनी हे आकडे आणखी खाली ठेवावेत, कारण मे महिन्यात तिथली हवाच ४५ अंशांची असते. हात लावून बघणं ही तपासणी नव्हे. डबा कोमट असतो तेव्हा आतली तार उकळत असते.

बॅटरी विमानाचीच वापरू का?

विमानाची लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) हलकी असते आणि भरपूर करंट देते. सायकलला त्यातला करंट नकोच असतो; आपण ८ अँपिअर घेतोय. शिवाय तिच्यात संरक्षक सर्किट नसतं. एक सेल ३ व्होल्टच्या खाली गेला, फुगला किंवा पडून चेपला, तर पेट घेऊ शकते. माझा सल्ला: दहा सेल सिरीजमध्ये आणि चार समांतर असा १८६५० मापाच्या लिथियम-आयन सेलचा तयार पॅक, संरक्षक सर्किटसकट, बिल देणाऱ्या दुकानातून घ्या. अडीच अँपिअर-तासाचे सेल असतील तर ३६० वॉट-तास होतात. किलोमीटरला १२ वॉट-तास धरले तर ३० किलोमीटर. पाय चालू ठेवलेत तर जास्त.

लायपोच वापरणार असाल तर प्रत्येक सेल मोजणारा बझर लावा, बॅलन्स चार्जरनेच भरा, आठवडाभर वापर नसेल तर सेलला ३.८ व्होल्टवर ठेवा. चार्जिंग गॅलरीत, शहाबादी फरशीवर, आजूबाजूला पडदे-गाद्या नसताना, आणि तुम्ही जागे असताना. जिन्यात किंवा दारापाशी कधीच नको. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते.

जोडणी करताना ठिणगी पडते ती कंट्रोलरच्या कपॅसिटरमुळे. ठिणगी न पडणारा एक्सटी-९० कनेक्टर मिळतो, तो वापरा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधलात तर सापडेल.

थ्रॉटल कसा जोडायचा?

ई-सायकलचा साधा अंगठ्याचा थ्रॉटल घ्या. तो साधारण ०.८ ते ४.२ व्होल्ट देतो. व्हेस्कच्या इनपुटला मात्र ३.३ व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका. थ्रॉटलला ५ व्होल्ट दिले तर मध्ये दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवा. विमानाचा रिमोट सायकलवर वापरू नका. रस्त्यात सिग्नल तुटला आणि मोटर चालूच राहिली, तर काय होईल याचा विचार करा. ब्रेक लिव्हरमध्ये मोटर बंद करणारा स्विच हवाच, आणि बॅटरीच्या मुख्य वायरीवर हात सहज पोचेल असं एखादं बटण किंवा ओढून काढता येणारा कनेक्टर.

पावसात चालते का?

मोटर भिजली तर लगेच बिघडत नाही, तांब्यावर लाखेचा थर असतो. बेअरिंग आणि स्टेटरच्या पत्र्या मात्र गंजतात. कंट्रोलर आणि बॅटरी मात्र पूर्ण कोरडी हवीत. वायरींना डब्यात शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं. मोटरच्या खाली मडगार्डचा पत्रा लावा. चिखलातला खडा चुंबक आणि स्टेटरच्या फटीत गेला तर चुंबक खरवडले जातात.

उतारावर बॅटरी परत भरते का?

फ्रीव्हील लावलंत तर नाही, कारण मग चाक मोटरला फिरवू शकत नाही. तो सौदा मला मान्य आहे.

हे कायदेशीर आहे का?

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये याची व्याख्या आहे. मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ पेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, चांगले ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर. अशा वाहनाला मोटार वाहन समजत नाहीत. मात्र या अटी मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासून मंजूर केलेल्या असाव्यात असंही तिथे म्हटलं आहे. पुण्यातली एआरएआय ही तशी एक संस्था. घरी केलेल्या एका सायकलीला ही मंजुरी नसते. म्हणून मी माझी सायकल या आकड्यांच्या आतच ठेवतो, पण "कायद्याने पूर्ण मोकळी" असं म्हणत नाही. ३,००० वॉट सोडून रस्त्यावर पळवणारे मात्र बिनपरवान्याचं, बिनविम्याचं वाहन चालवत असतात. कुणाला धक्का लागला तर त्या माणसाला भरपाई कुठून मिळणार?

हब मोटरचं तयार किट सोपं नाही का?

हब मोटर म्हणजे चाकाच्या मध्यातच बसवलेली मोटर. सोपं आहे, आणि रोज ऑफिसला जायचं एवढंच हवं असेल तर तेच घ्या. विमानाच्या मोटरीचा फायदा वजनात आहे, आणि चढाप्रमाणे दात बदलता येतात यात. हब मोटरचं आतलं गुणोत्तर तुम्हाला बदलता येत नाही. मी सिंहगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका मित्रासाठी मागचं स्प्रॉकेट ५५ चं ६५ केलं. सपाटीवरचा वेग थोडा उतरला, चढाचा त्रास गेला. दोन तासांचं काम.

पहिल्यांदा चालवताना काय काय बघावं?

मागचं चाक हवेत टांगून सुरुवात करा, मोटरचा करंट ५ अँपिअरवर बांधून. मोटर उलटी फिरली तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करा. ब्रेक दाबल्यावर मोटर खरंच बंद होते का, दहा वेळा बघा. बेल्ट पुलीच्या कडेला सरकतोय का ते बघा. सरकत असेल तर शाफ्ट समांतर नाहीत. मग हेल्मेट घालून, सोसायटीच्या आवारात, मुलं खेळत नसताना, १० अँपिअरवर एक फेरी. उतरून सगळे नट पान्याने तपासा. माझ्या पहिल्या फेरीत ब्रॅकेटचे चारपैकी दोन सैल झाले होते, आणि ते मला आवाजाने नाही, पान्याने कळलं. पहिले १०० किलोमीटर दर फेरीनंतर हेच करा, त्यानंतर करंट हळूहळू ३० वर न्या.